मैदान बंद होतं तो उन्हाळा

शेवटचा पेपर संपला, पोरांनी गेटासमोर मोटारसायकलींचे हॉर्न वाजवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयामागं पत्रे ठोकायला सुरुवात झाली. यंदा तिथं नवीन सभागृह होतंय. जेसीबी आला, पाण्याचा टँकर आला, खडीचे ढीग पडले. माझ्या टेबलावर धूळ बसते, मी पुसते, चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा बसलेली असते. या दिवसांत आवारातले कडुलिंब फुलावर असतात. त्या फुलांचा कडसर गोड वास आणि ओल्या सिमेंटचा वास वाऱ्यानं एकत्र आत येतो, आणि मी खिडकी लावून घेते. शिपाई विचारतो, "मॅडम, एवढ्या उकाड्यात?" मी धुळीचं कारण सांगते.

धूळ हे खरं कारण नाही. हे दोन वास असे एकत्र मला पहिल्यांदा आले ते मैदानाचं काम निघालं त्या उन्हाळ्यात.

मी इथं खेळ शिकवते. वडवणीहून तेलगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गाव मागं पडल्यावर आमचं कॉलेज लागतं. आधी बाभळी दिसतात, मग मैदान, मग इमारती. जुनं मैदान म्हणजे मुरूम होता नुसता. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भट्टी. पश्चिमेला दगडी पायऱ्या होत्या, त्यांच्या सांध्यांतून गवत उगवायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही चुन्याच्या फक्कीनं पट्टे आखायचो आणि संध्याकाळपर्यंत वाऱ्यानं ते पुसट व्हायचे. तरी पहाटे तिथं जागा मिळायची नाही. पोलीस भरतीची पोरं, गावातल्या चालायला येणाऱ्या बाया, आणि माझ्या मुली. पोरी मैदानावर पळताना कुणी मान वळवून बघायचं नाही. मैदान म्हटलं की पळणं आलंच, यात बघायचं काय! ही केवढी मोठी सोय होती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला फक्त खड्डे दिसायचे.

त्या खड्ड्यांसाठी मी कितीतरी वर्षं अर्ज करत होते. कुणाचा घोटा मुरगळला की अर्ज, कुणाचा गुडघा फुटला की अर्ज. अखेर मंजुरी आली. नवा रबरी ट्रॅक, दगडी पायऱ्या काढून तिथं छपराची काँक्रीट गॅलरी, आत हिरवळ. बैठकीत ठरलं, काम उन्हाळ्यात करायचं. "सुट्टीत कुणाचं नुकसान होत नाही," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. त्याच सुट्टीत मुलींच्या वसतिगृहाचीही डागडुजी उरकून घ्यायची होती. मी त्या दिवशी घरी येताना पेढे घेतले होते. जयंतीच्या निळ्या पताका अजून आमच्या गल्लीत फडफडत होत्या, आणि मला ते तोरण आपल्यासाठीच बांधल्यासारखं वाटलं होतं.

कोमल माझ्याकडं बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून होती. वडवणीच्या बाजूची, वस्तीवरची पोर. आईवडील दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला खाली साखर कारखान्यांकडं जायचे आणि उन्हं तापली की परत यायचे. ते नसताना ही वसतिगृहात. पहिल्या दिवशी ती अनवाणी पळाली. मी बूट दिले तर म्हणाली, "मॅडम, हे जड हायेत." पंधराशे मीटर हा तिचा प्रकार. पळताना तिचे खांदे हलायचे नाहीत. डोक्यावर घागर असल्यासारखी मान स्थिर, आणि खाली पाय मात्र वेगळ्याच कुणाचे असावेत असे चालायचे. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत ती दुसरी आली. पहिली आलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडणार होती. म्हणजे पुढचं वर्ष कोमलचं. हे मी तिला बोलून दाखवलं नव्हतं, पण तिला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं.

मैदानाभोवती पत्रे लागले त्या सकाळी ती पिशवी घेऊन गेटापाशी उभी होती. वसतिगृह रिकामं करायला सांगितलं होतं. दोन पत्र्यांच्या फटीतून ती आत बघत होती. जेसीबीनं दगडी पायऱ्यांचा एक कोपरा आधीच उचकटला होता.

"मॅडम, मंग आमी कुठं पळायचं?"

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे गं. घरी सराव कर. सकाळी रस्त्यानं."

"रस्त्यानं?" ती हसली. "बरं."

त्या हसण्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. मी फोन केला तर तिच्या वडिलांनी घेतला. दत्ताराव त्यांचं नाव. शांत माणूस, बोलायच्या आधी घसा साफ करणारा.

"मॅडम, ती पळाली की चार दिवस. पन मोटारसायकलीवरचे टुकार पोट्टे मागं लागले. एकानं मोबाईलवर शूटिंग काढली. गावात समद्यांनी बगितली. आता कसं पळू द्यू तिला, सांगा तुमी."

"ती चुकीचं काही करत नव्हती हो."

"म्या कुठं म्हणतो चुकीचं? कॉलेजच्या मैदानावर पळती तवा कुणी काय म्हणत न्हाई. रस्त्यावर पळली की गाव बगतं. मैदान चालू झालं की धाडतो, तुमी म्हणाल त्या दिशी."

मी म्हणाले, तिला माझ्या घरी राहायला पाठवा. ते म्हणाले, बघतो. त्या 'बघतो'तला नकार अतिशय सभ्य होता.

मग एका सकाळी मी कार्यालयाच्या कामासाठी कॉलेजात गेले आणि पत्र्याच्या फाटकातून डोकावले. आत ओळीनं बाया मुरमाच्या पाट्या वाहत होत्या. डोक्याला रुमाल, अंगावर पुरुषी शर्ट, तोंडावर ओढणी. त्यातली एक जण मला बघून थांबली. मान स्थिर, खांदे स्थिर. मी तिला तिच्या उभं राहण्यावरून ओळखलं.

"कोमल! तू इथं कशी?"

तिनं पाटी रिकामी केली, ओढणी खाली घेतली. चेहरा तांबूस झाला होता, पण डोळे हसत होते.

"मुकादम मानसं बगत होता मॅडम. मीच आण्णाला अन् मायला म्हणलं, चला, कॉलेजातच काम हाय. शेडबी आपल्या पायऱ्यांच्या मागंच दिलंय राह्यला."

"अगं पण तू कशाला…"

"कावून? मैदानात यायचं तर आता हाच रस्ता हाय ना?"

ती पुन्हा ओळीत गेली. मी फाटकाशी उभी राहिले. आपल्याला काय वाटतंय हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. एक विद्यार्थिनी आपल्याच मैदानावर मुरूम वाहतेय याचं वाईट वाटावं, की तिनं युक्ती केली म्हणून हसावं?

पाच वाजता काम सुटायचं. टँकरवाला रोलर फिरवलेल्या थरावर पाणी मारून जायचा. तापलेल्या मुरमावर पाणी पडलं की वाफ उठायची आणि भाजलेल्या मडक्यासारखा वास पसरायचा. मजूर हातपाय धुवायचे, बाया चुली पेटवायच्या. आणि कोमल तोंडावर पाणी मारून, शर्टाच्या बाह्या दुमडून, त्या दाबलेल्या थरावर उतरायची. पहिल्या दिवशी साइटवरचा इंजिनिअर ओरडला, "मॅडम, लेव्हल बिघडंल." मी म्हणाले, "तुमचा रोलर एवढे टन दाबून गेला, आणि ही पोर तुमची लेव्हल बिघडवणार?" तोही तरुणच होता. त्यानं थोडा वेळ बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच तिच्या मार्गातली वायर गुंडाळून ठेवायला लागला.

मी रोज जाऊ लागले. ती दिवसभर पाट्या वाहून थकलेली असायची, तरी पळायची. थर गुळगुळीत होता, एक खड्डा नाही, आणि तिच्या पायांना हे नवीन होतं. ती अशी पळायची की मला घड्याळाकडं बघायचं भान राहायचं नाही. पत्र्यांच्या आत आम्ही जगापासून लपलेलो होतो. बाहेर रस्त्यानं गाड्या जायच्या, त्यांना ती दिसायची नाही.

तिची आई, मंगलताई, वाळूच्या ढिगावर बसून भाकरीचं पीठ मळता मळता बघायची. लहान चणीची, काटक बाई. आयुष्यात तिनं लेकीला पळताना कधी बघितलं नव्हतं. स्पर्धा व्हायच्या हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात ती उसाच्या फडात असायची. पहिल्या संध्याकाळी पीठ तसंच राहिलं.

"आवं मॅडम, एवढी पळती व्हय ही?"

"मग काय! तुम्हाला सांगितलं नव्हतं तिनं?"

"सांगितलंतं. पन मला वाटायचं, खेळती म्हंजी लंगडी, खो-खो, असलं कायतरी. हे तर…" तिला शब्द सापडेना. ती पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, "हिला थांबवावं वाटंना."

माझ्या कानात ते वाक्य अजून आहे. थकलेली लेक थांबावी, खावी, झोपावी, असं कोणत्याही आईला वाटेल. हिला ती पळत राहावीशी वाटत होती.

त्या उन्हाळ्याची आठवण काढायची म्हटली तर मी या संध्याकाळींचीच काढते. दत्तारावांनी तंबाखू मळत, घसा साफ करत, "आता बास की," म्हणणं आणि कुणीच न ऐकणं. चुलींचा धूर मैदानावर आडवा पसरणं. मंगलताईनं माझ्या हातावर भाकरी आणि लाल चटणी ठेवणं. मी नको म्हटलं तर ती म्हणायची, "खा वो, तुमीबी लेकीमागं हिंडून थकता." या संध्याकाळींच्या पुढं आठवण जाऊ नये असं मला वाटतं. पण ती जाते.

जून उजाडला. आभाळ भरून यायला लागलं आणि गॅलरीचं काम रखडलेलं होतं. पाऊस यायच्या आत वरचा स्लॅब टाकायचा म्हणून कंत्राटदारानं घाई लावली. परांचीला बांबू कमी पडले, तिथं कुठली तरी जुनी फळी टाकली. दुपारी मी घरीच होते. इंजिनिअरचा फोन आला. मी पोचले तेव्हा मंगलताई जमिनीवर बसलेली होती, उजवा हात मांडीवर ठेवून. फळी मोडून ती सिमेंटच्या घमेल्यासकट खाली आली होती. ओरडत नव्हती. हात कोपरापासून भलतीकडं वळला होता आणि ती दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तशी त्याच्याकडं बघत होती. कोमल तिच्या तोंडावरचं ओलं सिमेंट आपल्या ओढणीनं पुसत होती.

माझ्या गाडीतून आम्ही तिला बीडला नेलं. वाटेत पहिला पाऊस लागला नाही की काही नाही, नुसता उकाडा. मंगलताई मागच्या सीटवर लेकीच्या खांद्याला टेकून बसली होती. एकदाच बोलली.

"मॅडम, हिचे आण्णा आता म्हनतील, चला घरी. तुमी हिला ठिवून घ्या. हिचं पळनं थांबलं नाई पाह्यजे."

"तुम्ही आधी बऱ्या व्हा."

"मी होते वो बरी."

हाड जुळलं, पण सरळ जुळलं नाही. मूठ पुरती मिटेना. डॉक्टरांनी सांगितलं, हलकी कामं होतील, जोराचं काही धरता येणार नाही. दत्तारावांनी विचारलं, "कोयता?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

वसतिगृह जुलैत उघडलं. कोमल परत आली, तिसऱ्या वर्षाला बसली. मैदान मात्र बंदच. खालचे थर तयार होते, वरचा रबरी थर पाऊस पुरता उघडल्यावर बाहेरून माणसं येऊन टाकणार होती, आणि तोवर आत कुणी पाऊल ठेवायचं नाही असं ठरलं. मजुरांच्या शेडा उठल्या. फाटकाला कुलूप लागलं. कोमल वसतिगृहाच्या गच्चीवर जागच्या जागी पळायची. खालच्या मजल्यावरच्या मुली तक्रार करायच्या, आमच्या डोक्यावर धाडधाड होतं म्हणून. मी म्हणायचे, थोडे दिवस. दसऱ्यानंतर माणसं आली, निळा रंग पसरायला लागला, आणि मी तिला सांगितलं, आता दिवाळी झाली की तुझंच मैदान.

दिवाळीच्या आधीच दत्ताराव आले. मैदानाच्या कुलूपबंद फाटकापाशीच आम्ही बोललो, कारण त्यांना कार्यालयात बसायचं नव्हतं.

"उसाच्या मुकादमाला जोडीचा शब्द दिलाय, मॅडम. एकट्याचा कोयता धरत न्हाईत. एक तोडणार, एक मोळी बांधणार, तवा एक कोयता. मंगलच्या हातानं मोळी बांधून व्हईना."

"दुसरं कुणी जोडीला मिळणार नाही? यंदा जाऊच नका. मी मुकादमाशी बोलते."

"तुमचं ऐकून घील त्यो. पन करायचं तेच करील."

कोमल बाजूला उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल, निदान माझ्याकडं बघेल. ती पत्र्याला पाठ लावून उभी होती.

"मी जाते मॅडम. एकच सीझन."

"कोमल, हे वर्ष गेलं तर…"

"मला म्हाईत हाय. पन मी न्हाई गेले तर माय जाईल. तसल्या हातानं. तिनं बांधून ठिवलंय गाठोडं. काल मी सोडलं, तर तिनं परत बांधलं."

दत्तारावांनी घसा साफ केला. ते रस्त्याकडं बघत राहिले. त्यांच्याइतका हरलेला माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही, आणि मला त्यांचा राग यावा असं खूप वाटत होतं.

उद्घाटन थंडीत झालं. मंडप, हार, पाहुणे, लांबलचक भाषणं. निळ्या ट्रॅकवर पांढरे पट्टे इतके स्वच्छ, की पाहुण्यांनी चपला काढाव्यात की नाही यावरून कुजबुज झाली. माझ्या मुली पळाल्या, छान पळाल्या. सगळे माझं अभिनंदन करत होते, कारण हा ट्रॅक माझ्या अर्जांवर झाला होता. दुपारी कोमलचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"झालं का मॅडम?"

"झालं."

"रंग कोणता दिला? लाल का?"

"निळा."

"निळा? मी तर मनात लालच धरलावता." मग कुणीतरी तिला हाक मारली, आणि फोन बंद झाला.

एकच सीझन म्हणाली होती ती. पण परीक्षेच्या वेळी ती फडात होती. पेपर बुडाले, वर्ष बुडालं. पुढल्या साली परत तेच. विद्यापीठात खेळायचं वय आणि प्रवेश, दोन्ही हातातून निसटत गेले. मग तिचं लग्न झालं, नवराही कोयत्यावरच जाणारा. मी लग्नाला गेले होते. हळदीच्या पिवळ्या हातानं तिनं मला वाढलं.

कधी कधी मी हिशोब मांडून बघते. मैदान तसंच खड्ड्यांचं राहिलं असतं तर? पायऱ्यांत गवत, फक्कीचे पुसट पट्टे, सगळं तसंच. कोमल उन्हाळाभर तिथंच पळाली असती, मंगलताई कुठल्यातरी दुसऱ्या कामावर गेली असती, तिचा हात शाबूत राहिला असता. पण मग त्या संध्याकाळी झाल्या नसत्या, आणि तिनं लेकीला पळताना कधीच बघितलं नसतं. असा हिशोब लागत नाही. त्यानंतर माझ्या हातून कितीतरी मुली त्या निळ्या ट्रॅकवर पळाल्या, दोघी राज्यापर्यंत गेल्या. त्यांचे गुडघे फुटत नाहीत. मला त्याचा आनंद होतो, खोटं कशाला सांगू? पण तो आनंद तोंडापर्यंत यायच्या आधी कुठंतरी अडतो.

गेल्या आठवड्यात मायलेकी आल्या. कोमलला जुनी कागदपत्रं हवी होती, राहिलेले पेपर बाहेरून देता येतात का ते विचारायचं होतं. ती आता जरा भरली आहे, आवाज खाली आलाय. काम झाल्यावर मंगलताई म्हणाली, "मैदान दावा की वो, पुरं झाल्यावर बगितलंच न्हाई."

उन्हं कलली होती. मी दोघींना आत नेलं. मंगलताई गॅलरीच्या पायऱ्या हळूहळू चढली, वर जाऊन छपराखाली बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली. पडण्याचा विषय तिनं काढला नाही. ट्रॅकवर तीन-चार मुली सराव करत होत्या.

"पळ की गं एकदा," तिनं वरून हाक दिली.

"आता काय माय…"

"पळ म्हणलं ना."

कोमलनं माझ्याकडं बघितलं, लाजून हसली. चपला काढल्या, साडीचा काचा मारला आणि निघाली. पहिलं वळण तिनं घेतलं तेव्हा ते सगळं तसंच होतं, मान, खांदे, सगळं. समोरच्या सरळ पट्ट्यावर ती मंदावली. मग थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि हिरवळीतून चालत परत आली.

"दम न्हाई राह्यला मॅडम." ती हसत होती, छाती वरखाली होत होती. घाम पुसता पुसता तिनं सराव करणाऱ्या मुलींकडं बघितलं. "ह्या सुट्टीच्या दिवसात कशा काय हितं?"

"यंदा वसतिगृह चालू ठेवलंय. काम निघालं तरी मुलींना घरी पाठवायचं नाही, असं मी भांडून लिहून घेतलं. मैदानही उघडं असतं."

"आसं व्हय," ती म्हणाली. मग चपला पायात सरकवत म्हणाली, "बरं केलं मॅडम. लई बरं केलं."

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. तिला तो मारायचा हक्क होता. पण तो नव्हताच. ती मनापासून बोलली होती, आणि आईला खाली उतरायला हात द्यायला पायऱ्यांकडं गेली.